कामाचं नाव की अवजाराचं? वेब ॲप्लिकेशनमधली पॅकेजची मांडणी

आजचा विषय वरवर पाहता किरकोळ वाटेल. सर्व्हरवर चालणारं एक वेब ॲप्लिकेशन आहे, जावामध्ये लिहिलेलं. त्यात दोनशे-तीनशे क्लास आहेत. ते कुठल्या पॅकेजमध्ये ठेवायचे, एवढाच प्रश्न. पुष्कळ जण म्हणतील, ठेवा कुठंही, प्रोग्रॅम तर चालतोच ना! खरं आहे, कंपायलरची काही तक्रार नसते. फरक पडतो तो दोन वर्षांनी. नियम बदललेला असतो, आणि ज्याने कोड लिहिला तो नोकरी बदलून पुण्याला गेलेला असतो. आज आम्ही जे बोलणार आहोत ते त्या दिवशी खुर्चीत बसलेल्या माणसाच्या बाजूने बोलणार आहोत.

टीका आहे एका सवयीवर. नवा प्रोजेक्ट उघडला की पहिल्या पाच मिनिटांत चार पॅकेज तयार होतात: कंट्रोलर, सर्व्हिस, रिपॉझिटरी, मॉडेल. पाचवं युटिल, ते न बोलावता येतं. ॲप्लिकेशन दवाखान्याचं असो, ग्रंथालयाचं असो की बाजार समितीचं, पॅकेज हीच. कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये असंच, व्हिडिओत असंच, आणि मग पगारी कामातही असंच. आमचं म्हणणं असं की ही मांडणी अवजारांच्या नावाने केलेली आहे, कामाच्या नावाने नाही. आणि त्याची किंमत शेवटी जो भरतो तो बहुतेक वेळा संगणकासमोर बसलेलाही नसतो.

वर्धा जिल्ह्यात बोलतोय, तेव्हा उदाहरण कापसाचंच घेऊ. हिंगणघाट, पुलगाव, आर्वी ही कापसाच्या बाजाराची गावं आहेत. समजा, अशाच एखाद्या बाजारासाठी ॲप्लिकेशन लिहायचं आहे. गाडी येते, आवक नोंदली जाते. बोली लागते. जिनिंगवर काटा होतो. हिशेबपट्टी निघते. मग चुकारा. हे ॲप्लिकेशन काल्पनिक आहे, पण कामाचा क्रम तुम्हाला ओळखीचा असेल. आजचं सगळं बोलणं आपण याच ॲप्लिकेशनवर तपासून पाहू.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. जावामध्ये पॅकेज दोन कामं करतं. पहिलं काम नावाचं: एकाच नावाचे दोन क्लास एकमेकांशी भांडू नयेत म्हणून. हे सगळ्यांना माहीत असतं. दुसरं काम कुंपणाचं, आणि ते बहुतेक जण विसरतात. क्लासच्या किंवा मेथडच्या आधी पब्लिक, प्रायव्हेट असं काहीच लिहिलं नाही, तर ती गोष्ट फक्त त्याच पॅकेजमधल्यांना दिसते. बाहेरच्यांना दिसत नाही. कंपायलर स्वतः दारावर उभा राहतो, फुकट! एक बारकावाही लक्षात ठेवा. पॅकेजच्या पोटात दुसरं पॅकेज काढलं म्हणून आतल्याला बाहेरच्याचं गुपित कळत नाही. फोल्डर एकात एक दिसतात, पण जावाच्या लेखी ती दोन वेगळी घरं आहेत.

आता या कुंपणाच्या नजरेने ती चार पॅकेज बघा. चुकाऱ्याचा कंट्रोलर एका घरात, चुकाऱ्याची सर्व्हिस दुसऱ्या घरात, रिपॉझिटरी तिसऱ्या घरात. कंट्रोलरला सर्व्हिस हाक मारायची आहे, म्हणजे सर्व्हिस पब्लिक करावी लागली. सर्व्हिसला रिपॉझिटरी हवी, तीही पब्लिक. मॉडेल तर सगळ्यांनाच हवं. शेवटी दोनशेच्या दोनशे क्लास पब्लिक. म्हणजे भाषेने कुंपण दिलं होतं, आणि आपण ते अशा जागी घातलं की प्रत्येक ठिकाणी फाटक उघडं ठेवावं लागलं. आवकीच्या कंट्रोलरने थेट चुकाऱ्याच्या रिपॉझिटरीत हात घातला तर अडवणारं कोणी नाही. आणि घाईच्या दिवशी कोणीतरी हात घालतंच.

या मांडणीची बाजूही ऐकली पाहिजे. थर वेगळे ठेवण्यामागचा विचार चांगला आहे. पानावर काय दिसतं, हिशेब कसा होतो आणि डेटाबेसशी कसं बोलायचं, या तीन गोष्टी एकमेकींत कालवू नयेत. उद्या डेटाबेस बदलला तर फक्त तळाचा थर बदलावा. नवख्या माणसाला कंट्रोलर कुठे सापडेल हे न विचारता कळावं. हे सगळं मान्य. आमचा आक्षेप थरांवर नाही. थर क्लासमध्ये राहू द्या, नावात राहू द्या. आक्षेप आहे तो सर्वांत मोठी भिंत थरांच्या मध्ये बांधण्यावर. कारण प्रश्न एकच विचारायचा असतो: या ॲप्लिकेशनमध्ये बदल येतो तो कुठून येतो?

डेटाबेस किती वेळा बदलतो हो? एखादं ॲप्लिकेशन आख्खं आयुष्य एकाच डेटाबेसवर काढतं. पण कापसाचा हमीभाव दर हंगामाला बदलतो. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव २०२४-२५ मध्ये क्विंटलला ७,५२१ रुपये होता, २०२५-२६ मध्ये तो ८,११० झाला. भारतीय कापूस महामंडळाच्या म्हणजे सीसीआयच्या खरेदीत ओलाव्याचा नियम आहे: ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत दर एका टक्क्याला भावात एक टक्का कपात, आणि १२ च्या वर खरेदी नाही. हमाली बदलते, तोलाई बदलते, कोणाकडून काय कापायचं याचे नियम बदलतात. बदल येतो तो कामाकडून येतो. थराकडून क्वचित.

आता समजा, आपल्या ॲप्लिकेशनमध्ये आतापर्यंत फक्त खासगी लिलाव होता आणि आता हमीभाव खरेदी व ओलाव्याची कपात घालायची आहे. चार पॅकेजच्या मांडणीत काय होतं? फॉर्मसाठी कंट्रोलर उघडा. ओलाव्याचा आकडा ठेवायला मॉडेल उघडा. हिशेबासाठी सर्व्हिस उघडा. साठवायला रिपॉझिटरी उघडा. आणि पट्टी छापताना आकडे मांडणारा एक क्लास युटिलमध्ये पडलेला असतो, तो आठवला तर तोही उघडा. एक नियम आणि पाच घरं. यातलं एक घर राहून गेलं तर?

आकड्यात सांगतो. ओलावा १० टक्के निघाला. म्हणजे दोन टक्के कपात, क्विंटलला १६२ रुपये २० पैसे. भाव झाला ७,९४७ रुपये ८० पैसे. सर्व्हिसने ही कपात केली. आणि युटिलमधल्या छपाईच्या क्लासमध्ये दुसऱ्या कोणीतरी, सर्व्हिसमध्ये हे झालं आहे हे न दिसल्यामुळे, तीच कपात पुन्हा केली. बारा क्विंटल कापूस असेल तर शेतकऱ्याच्या पट्टीत एकोणीसशे रुपयांहून जास्त कमी. पट्टी छापील आहे, खाली बेरीज बरोबर आहे, संगणकाची आहे; ती चूक आहे असं म्हणण्याची सोय शेतकऱ्याला कुठे आहे? पॅकेजची मांडणी हा सौंदर्याचा प्रश्न नाही, असं आम्ही म्हणतो ते याचसाठी. ज्या गोष्टी एकत्र बदलतात त्या एकत्र दिसल्या नाहीत, तर त्या एकत्र बदलल्या जात नाहीत.

हे म्हणणारे आम्ही पहिले नाही. डेव्हिड पार्नास यांनी १९७२ मध्ये एक छोटा निबंध लिहिला. विषय हाच: प्रोग्रॅमचे भाग कुठल्या निकषावर पाडायचे. त्यांनी एकच प्रोग्रॅम दोन प्रकारे तोडून दाखवला. एक म्हणजे कामाच्या पायऱ्यांप्रमाणे: आधी हे, मग ते, मग छपाई. दुसरा म्हणजे प्रत्येक भागात एक असा निर्णय लपवून, जो पुढे बदलू शकतो. दोन्ही प्रोग्रॅम चालतात. पण बदल आला की पहिल्यात तो सगळीकडे पसरतो आणि दुसऱ्यात एका भागात थांबतो. हा निबंध नीट लक्षात ठेवा. थोड्या वेळाने तो आपल्यावरच उलटणार आहे.

त्याआधी थोडं सेवाग्रामकडे वळू. विषय सोडून नाही, विषयासाठीच. कारण ज्ञानाची मांडणी कशाभोवती करायची, हा वाद वर्ध्याने फार आधी घातलेला आहे. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्यात शिक्षण परिषद झाली, गांधीजी अध्यक्ष होते. तिथून पुढे डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने जी योजना आखली ती वर्धा योजना, म्हणजे नई तालीम. शाळेची नेहमीची मांडणी विषयवार असते: गणिताचा तास, भाषेचा तास, इतिहासाचा तास. योजनेने म्हटलं, मध्यभागी उद्योग ठेवा. सूतकताई असेल तर तिच्यातून मोजमाप येईल, तिच्यातून कापसाचा भूगोल येईल, तिच्यातून भाषा येईल. याला समवाय म्हणतात. आजच्या आपल्या भाषेत सांगायचं तर, विषयांच्या पॅकेजऐवजी कामाचं पॅकेज.

पण त्या योजनेचं वेळापत्रक बघितलंय का? साडेपाच तासांचा दिवस. मुख्य उद्योगाला ३ तास २० मिनिटं. संगीत, चित्रकला आणि अंकगणित मिळून ४० मिनिटं. मातृभाषेला ४० मिनिटं. समाजशास्त्र आणि सामान्य विज्ञान ३० मिनिटं. शारीरिक शिक्षण १० आणि सुट्टी १०. म्हणजे सगळं उद्योगाभोवती फिरवा म्हणणाऱ्यांनीसुद्धा मातृभाषेला वेगळा वेळ ठेवला. समवायाची केंद्रंही त्यांनी तीन मानली: उद्योग, निसर्ग आणि समाज. सगळं ज्ञान टकळीच्या एकाच धाग्याला बांधता येत नाही, हे त्यांना दिसत होतं. मुलं म्हणजे काही कोडचे क्लास नव्हेत, तुलना फार ताणू नये. पण मुख्य जागा कामाला आणि थोडी, मोजकी, वेगळी जागा सर्वांना लागणाऱ्या गोष्टींना, हे प्रमाण घेऊन आपण पुढे जाऊ.

कामाप्रमाणे मांडलेलं एक खरं उदाहरण बघू. स्प्रिंग फ्रेमवर्कचं पेटक्लिनिक नावाचं नमुन्याचं ॲप्लिकेशन आहे, जनावरांच्या दवाखान्याचं. जगभर लोक त्यावरून शिकतात. त्याचे दोन अवतार आज उपलब्ध आहेत, म्हणून तुलना करायला सोपं जातं. जुन्या वळणाच्या अवतारात पॅकेज आहेत मॉडेल, रिपॉझिटरी, सर्व्हिस आणि वेब. स्प्रिंग बूटवरच्या मुख्य अवतारात ओनर, व्हेट, सिस्टिम आणि छोटंसं मॉडेल. ओनर उघडलं की मालक, त्याचं जनावर, जनावराची भेट, त्यांचे कंट्रोलर आणि मालकाची रिपॉझिटरी, सगळं एका ठिकाणी. कंट्रोलर पब्लिक नाहीत, कारण बाहेर कोणाला त्यांना हाक मारायची गरजच नाही. कुंपणाने एकदाचं काम केलं. मॉडेलमध्ये उरले फक्त सर्वांना लागणारे पायाचे क्लास. बघा, ४० मिनिटांचा तास!

इथपर्यंत कौतुक. आता त्यावरचा आमचा आक्षेप. पेटक्लिनिकमधली मांडणी इतकी सुबक दिसते, कारण त्या दवाखान्यात खरा गुंता ठेवलेलाच नाही. जनावराची भेट नोंदवली जाते, त्यात तारीख असते, वर्णन असतं. पण कुठल्या डॉक्टरने तपासलं हे नसतं. भेट आणि डॉक्टर यांचा संबंधच नाही, म्हणून ओनर आणि व्हेट ही पॅकेज एकमेकांकडे न बघता सुखाने नांदतात. खऱ्या दवाखान्यात पहिल्याच दिवशी विचारतील, तपासलं कोणी? मग भेट कुठल्या पॅकेजमध्ये? मालकाच्या की डॉक्टरच्या? ज्या प्रश्नावर मांडणीची परीक्षा व्हायची तोच प्रश्न नमुन्यातून वगळला आहे. शिकणाऱ्याला वाटतं, कामाची नावं दिली की झालं.

आपल्या बाजारात हे लगेच कळतं. आवक, लिलाव, वजन, चुकारा अशी पॅकेज केली. लिलावाला गाडी हवी, म्हणून लिलाव आवकीला हाक मारतो. आवकीच्या पानावर दाखवायचं आहे की या गाडीचा लिलाव झाला की नाही, म्हणून आवक लिलावाला हाक मारते. झालं वर्तुळ! दोन पॅकेज नावाला दोन, प्रत्यक्षात एकच. आणि जावा या वर्तुळाला काही म्हणत नाही, कंपाइल होतं निमूटपणे. शिवाय इथे पार्नास परत येतात. आवक, लिलाव, वजन, चुकारा या तर पायऱ्या झाल्या! पायऱ्यांप्रमाणे तोडू नका, असंच तर ते म्हणाले होते. ओलाव्याच्या कपातीचा नियम यातल्या कुठल्या पायरीचा? ओलावा खरेदीच्या वेळी मोजतात, कपात पट्टीत होते, शेतकऱ्याला दिसते चुकाऱ्यात. तीन पायऱ्यांत पसरलेली एकच गोष्ट.

म्हणून आमचं सांगणं अर्ध्यावर थांबत नाही. थरांची नावं काढून कामाची नावं लावा, एवढं पुरत नाही. विचारा, उद्या काय बदलणार आहे आणि ते ठरवणार कोण? कपातीचे नियम दिल्लीतून किंवा मुंबईतून बदलतील, हमाली-तोलाई इथे ठरेल, बोलीची पद्धत यार्डात ठरेल. मग कपात हे एक वेगळं पॅकेज होतं. कोणत्याही पायरीवर न बसणारं, पण कामाच्याच भाषेतलं. त्याचं दार एकच: भाव, ओलावा, वजन द्या आणि कापायच्या रकमा घ्या. आतले सगळे क्लास बंद. पट्टीला छापायचं असेल तर ती छापेल, पण हिशेब करण्याची सोय तिच्याकडे नसेल. मघाची दुहेरी कपात पूर्ण अशक्य होत नाही, पण ती करण्यासाठी मुद्दाम वाट वाकडी करावी लागते. आणि सीसीआयने नियम बदलला की उघडायचं घर बहुधा एकच.

वर्तुळाचं काय? दिशा ठरवा. लिलावाने आवकीला ओळखावं, आवकीने लिलावाला ओळखू नये. गाडीची स्थिती दाखवणारं पान लिलावाकडे किंवा दोघांच्या वरच्या एका पॅकेजकडे द्या, कारण दोघांना ओळखण्याचा हक्क त्याचा आहे. आणि हे नुसतं भिंतीवर लिहून ठेवू नका. आर्कयुनिट नावाची लायब्ररी आहे, तिच्यात हा नियम टेस्ट म्हणून लिहिता येतो: आवक पॅकेजमधून लिलावातलं काही वापरलं तर टेस्ट नापास. माणूस पुण्याला गेला तरी टेस्ट मागे राहते.

सर्वांना लागणाऱ्या गोष्टींबद्दल एक इशारा. कॉमन नावाचं पॅकेज केलं की ते घराच्या माळ्यासारखं होतं. जे कुठे बसत नाही ते तिकडे. त्यापेक्षा जे आहे त्याचं नाव द्या. रुपये-पैशांचा क्लास असेल तर रक्कम, तारखा-हंगामाचा असेल तर हंगाम. नाव सुचत नसेल तर बहुधा ती गोष्ट कोणाची तरी आहे आणि आपण मालक शोधायचा कंटाळा केलेला आहे.

कोणी विचारेल, मग थरांप्रमाणे मांडलेलं सगळं टाकाऊ का? नाही. ओपनएमआरएस ही रुग्णनोंदींची प्रणाली २००४ मध्ये सुरू झाली, जावातच आहे आणि अनेक देशांच्या दवाखान्यांत वापरली जाते. तिचा गाभा थरांप्रमाणे मांडलेला आहे: रुग्ण, तपासणी असे मूळ क्लास एकीकडे, सेवा दुसरीकडे, डेटाबेसचा भाग तिसरीकडे. तिथे ते शोभतं. कारण तो गाभा म्हणजे दुसऱ्यांनी वर इमारत बांधण्याचा पाया आहे. लोक त्यावर आपापल्या गरजेचे मॉड्यूल लिहितात, आणि ते मॉड्यूल मात्र कामाप्रमाणे असतात. बदल मॉड्यूलमध्ये येतो, गाभा शक्यतो हलत नाही. म्हणजे निकष तोच राहिला. आपलं बाजार समितीचं ॲप्लिकेशन हा कोणाचा पाया नाही. त्याची मांडणी पायासारखी करण्यात अर्थ नाही.

ज्यांच्याकडे चार पॅकेजचं जुनं ॲप्लिकेशन चालू आहे, त्यांनी उद्या सकाळी सगळं उपटू नये. हंगामात तर नाहीच. पुढचा बदल ज्या कामात येईल तेवढंच काम वेगळ्या पॅकेजमध्ये हलवा. हलवताना तीन गोष्टी तपासा. पॅकेज बदललं की क्लासचं पूर्ण नाव बदलतं. कुठल्या कॉन्फिगरेशनच्या फाइलमध्ये ते नाव मजकूर म्हणून लिहिलेलं असेल तर तिथे कंपायलर सावध करणार नाही. लॉगिन केलेल्यांचं सेशन साठवून ठेवत असाल तर जुन्या नावाचे क्लास त्यात असतील आणि ते उघडणार नाहीत. आणि स्प्रिंग बूट मुख्य क्लासच्या पॅकेजपासून खालीच शोध घेतं, त्याच्या बाहेर काही गेलं तर ते सापडणार नाही. हलवणं आणि वागणूक बदलणं एकाच दिवशी करू नका. आधी नुसतं हलवा, सगळ्या टेस्ट पास होऊ द्या, मग पब्लिक हा शब्द एकेक करून काढा. जिथे काढल्यावर कंपायलर ओरडेल तिथे कोण कोणाच्या घरात शिरलं होतं ते कळेल. ती यादी लिहून ठेवा. तुमच्या ॲप्लिकेशनवरची सर्वांत प्रामाणिक टीका तीच असेल, आमच्यापेक्षाही.

शेवटचं एक. मांडणी बरी आहे का, हे ओळखायला सोपी कसोटी आहे. पॅकेजची नुसती यादी कागदावर लिहा आणि बाजारात काम करणाऱ्या, पण प्रोग्रॅमिंग न येणाऱ्या माणसाला वाचून दाखवा. कंट्रोलर, सर्व्हिस, रिपॉझिटरी ऐकून तो मान हलवेल आणि चहा मागवेल. आवक, लिलाव, वजन, कपात, चुकारा ऐकलं की तो म्हणेल, अहो, यात परत आलेल्या गाडीचं कुठे आहे? त्या एका प्रश्नात पुढच्या वर्षीची चूक आजच सापडलेली असते. प्रश्न असतील तर विचारा, आम्ही थांबलो आहोत.